पावाला दोष

बेकरीतला पहिला पाव विकायचा नसे. पहाटे भट्टीतून पहिला पत्रा बाहेर आला की बेकरीचे मालक, म्हणजे मास्तर, त्यातला एक पाव उचलत, या हातातून त्या हातात खेळवत मोडत, आतला वाफाळता गर तोंडात टाकत आणि त्यावर उकळता चहा ओतत. फुंकर मारणं नाही, थांबणं नाही. स्टीलचा पेला ओठाला लागला की रिकामा होऊनच खाली यायचा. मग मास्तरांनी मान हलवली तर माल पुढे दुकानात जायचा. नाही हलवली तर पीठ मळणाऱ्याची धडगत नसे.

पीठ मळणारा अंगानं काडीसारखा होता, म्हणून त्याला पहिलवान म्हणत. तो म्हणायचा, "मास्तर, हा घसा आहे की भट्टीचं धुराडं?"

"भट्टीपुढे उभं राहून कोमट चहा प्यायचा असेल तर माणसानं बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरावी," मास्तर म्हणत आणि निखाऱ्यावर सिगारेट पेटवत. संध्याकाळी घरी जाताना थोडी दारूही घेत असत. उष्णतेच्या कामाला ती लागतेच, असं त्यांचं म्हणणं.

एका पहाटे घास अडकला. घशात नव्हे, जरा खाली, छातीच्या मधोमध. मास्तरांनी छातीवर मूठ आपटली, चहाचा दुसरा पेला मागवला. घास हळूहळू उतरला.

"पाव कोरडा झालाय," ते म्हणाले. "काय पहिलवान, पाणी महाग झालंय का?"

पहिलवानानं दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं. काही दिवस बरे गेले. मग पुन्हा घास अडकला. आता दोष मैद्याचा ठरला. मैदेवाल्याशी मास्तरांचं वाजलं, इतक्या वर्षांचा व्यवहार तुटला आणि दुसरीकडून पोती आली. तरीही अडकतोच म्हटल्यावर पिठात दूध आलं, लोणी वाढलं. पाव मऊ होत चालला आणि महिने हातचे जात चालले.

मास्तरांचा घसा हे त्या बेकरीचं माप होतं. मापच चुकतंय, हे मनात आणायचीही कुणाची छाती नव्हती.

दुकानात गल्ल्यावर मास्तरांचा धाकटा भाऊ बसे. पहिल्यांदा दात नसलेली गिऱ्हाइकं खूश झाली. मग तक्रारी सुरू झाल्या. सुरी लावली की पाव बसतो, दुसऱ्या दिवशी बुरशी धरतो. परत आलेला माल धाकटा निमूटपणे बाजूला ठेवायचा. दादाला सांगायचं कोणी?

घरी बायको पाहत होती. प्रत्येक घासामागे पाणी. जेवता जेवता मधेच उठून मोरीकडे जाणं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक.

"डॉक्टरकडे जाऊन या," ती म्हणायची.

"भट्टीपुढे माणूस आटतोच. त्याला काय डॉक्टर?"

"एवढी वर्षं नाही आटलात ते?"

मास्तर पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे. छातीतली ती जागा आता पाण्यालाही जरा थांबवून घेत होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी धाकटा घरी आला. कागदात गुंडाळलेला पाव त्यानं ताटात ठेवला.

"दादा, रागावू नकोस. हा कोपऱ्यावरच्या नव्या बेकरीतला आहे. आपली निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळलीत. खाऊन बघ."

"शत्रूचा माल घरात आणलास?"

"आधी खाऊन तर बघ."

मास्तरांनी तुकडा मोडला. गर नीट फुललेला होता, जाळी एकसारखी. त्यांचाच जुना पाव जणू. घास चावला, गिळला, आणि तो तिथेच अडला. डोळ्यांत पाणी आलं.

"यांचाही मैदा..." त्यांनी सुरुवात केली.

धाकट्यानं उरलेल्या तुकड्याचा घास घेतला आणि गिळून टाकला. "मैद्याला काय धाड भरलीय, दादा?"

बायकोनंही एक तुकडा खाल्ला. तोही सरळ खाली गेला. मास्तर दोघांच्या गळ्यांकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी शर्ट घातला.

इस्पितळात घशातून दुर्बीण घातली, आतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण शब्द चघळत बसणाऱ्या नव्हत्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, त्या म्हणाल्या.

"हे असलं काही ऐकलं नव्हतं आमच्यात," बायको म्हणाली.

"ऐकलेलं नसतं, पण असतो. जगात दरवर्षी पाच लाखांच्या आसपास माणसांना होतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. सिगारेट आणि दारू दोन्ही असली की धोका नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी पट वाढतो. वर्षानुवर्षं कढत चहा, तोही नळीला भाजत असतो. काहींना छातीत जळजळ मुरत जाऊन होतो. तुमचं नेमकं कशानं, ते कुणी सांगू शकणार नाही."

"माझं पहिल्या तिन्हींनी," मास्तर म्हणाले. "वाचतात का माणसं?"

"सगळे मिळून पाहिले तर शंभरातली वीसेक पाच वर्षांनंतर असतात. लवकर सापडला तर निम्मी. अडचण अशी, की ही नळी ताणत जाते. बरीच अरुंद होईपर्यंत माणसाला कळत नाही. घास अडायला लागला, तेव्हाच उशीर होऊ लागलेला असतो. तुम्हाला कधीपासून?"

"आठ महिने," धाकटा म्हणाला. "आठ महिने आम्ही पाव दुरुस्त करत होतो."

आता सगळं स्कॅनवर होतं. इतरत्र पसरला नसेल तर औषधं, किरणं आणि मग ऑपरेशन. त्या आठवड्यात मास्तर बेकरीत गेले नाहीत. खिडकीशी बसून दूध चमच्यानं घेत राहिले. रस्त्यावर कुणी पिशवीतून पाव नेताना दिसला की दिसेनासा होईपर्यंत बघायचे.

स्कॅनचा निकाल घ्यायला तिघं गेले. डॉक्टर बाईंनी आज आधी दार लावून घेतलं, तेव्हाच धाकट्यानं मान खाली घातली.

"यकृतात गेलाय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधांनी त्याला काही काळ रोखता येईल. आणि आत एक जाळीची नळी बसवू, म्हणजे गिळता येईल."

"पहिला घास अडला त्याच आठवड्यात आलो असतो तर?" मास्तरांनी विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित आज ऑपरेशनची तारीख ठरवत असतो."

धाकटा हुंदका देऊन म्हणाला, "मला माहीत होतं दादा, लोक माल परत करत होते. मी बोललो नाही."

"बोलला असतास तर मी तुलाच गल्ल्यावरून उठवला असता," मास्तर म्हणाले. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात आता लाकडाच्या ढलपीसारखा हलका होता.

बायकोनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि डॉक्टर बाईंना विचारलं, "ती नळी उद्या बसवता येईल का? त्यांनी काल दुपारपासून पाणीही घेतलेलं नाही."