तपासायची राहिलेली वाटी

कय्यूमभाईच्या दुकानाचा नियम सगळ्या भद्रावतीला पाठ होता. दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं, रोज फॅक्टरीच्या भोंग्याशी ताडून पाहायचं आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. कुणी घाई केली की म्हणायचा, "घड्याळ खोटं बोलते, भाऊ. आठ दिवस बोलू द्या त्याले, मंग समजते." मी समोरच्या शाळेतला मास्तर, त्याचा रोजचा चहाचा सोबती, पण माझं घड्याळही त्यानं कधी सातव्या दिवशी दिलं नाही.

त्याचं खरं वेड मात्र घटिकापात्रांचं. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक. पाण्याच्या घंगाळात सोडली की भरत भरत चोवीस मिनिटांनी बुडते. ती एक घटका. अशा साठ घटका म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. पूर्वी लग्नाचे मुहूर्त या वाटीवर धरत. बॅटरीची घड्याळं आली, धंदा बसला, तसा हा माणूस रविवारी एसटीनं गावोगाव वाट्या शोधत हिंडू लागला. सहा वर्षांत तीन सापडल्या. एकीत वात लावलेली, दुसरीचं भोक कुणी झाळून बंद केलेलं. चालती अशी एकच, मार्कंड्याजवळच्या खेड्यात शकुबाईकडे. तिच्या सासरची चार पिढ्यांची लग्नं त्या वाटीवर लागली होती.

प्रवीण माझा जुना विद्यार्थी, गडचिरोलीला कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याची आणि कय्यूमची गाठ मीच घालून दिली, आणि त्यासाठी आजही मला माझाच राग येतो. तीन वर्षं दोघं बरोबर फिरले, एका डब्यात जेवले. २००१च्या संक्रांतीला प्रवीण म्हणाला, वाटीचे फोटो आणि मापं घ्यायची आहेत, महिनाभर हवी. शकुबाई काही केल्या तयार होईना. शेवटी कय्यूमनं शब्द दिला, तेव्हा तिनं ती फडक्यात बांधून त्याच्या हातात ठेवली. वैशाखात नात दिव्यानीचं लग्न होतं. त्याआधी वाटी घरी पाहिजे, एवढीच अट.

महिन्याचे चार झाले. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रवीणनं वाटी दुकानात आणून दिली. चेपलेला काठ, काळवंडलेला तळ, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "पाण्यात सोडून पाहा एकदा."

कय्यूम हसला. "दोस्तानं देल्लेली चीज काय तपासाची, मास्तर?" आणि मिळेल त्या एसटीनं निघून गेला.

सकाळी सूर्य वर आला तशी शकुबाईनं वाटी घंगाळात सोडली. लग्न चौदाव्या घटकेला. वाटी बुडाली की एक सुपारी मांडायची, आणि तिच्याजवळ बसलेल्यानं उठायचं नाही, अशी त्या घरची रीत. मानानं कय्यूमला शेजारी बसवलं होतं. पहिली वाटी बुडाली. त्यानं मनगटाकडे पाहिलं. एकोणीस मिनिटं. दुसऱ्यांदाही एकोणीसच. मग त्याला सगळं कळलं. तो काठ मुद्दाम चेपला होता.

शकुबाईलाही बुडणं लवकरचं वाटलं. तिनं वाटी उजेडात धरून नखानं तळ खरवडला. खाली लखलखीत नवं तांबं.

"हे आमची नाई," ती हळूच म्हणाली. मांडवात कुणाला कळू दिलं नाही. "आता तुमच्याच घड्याळानं सांगा, भाऊ, टाइम झाला म्हणून."

त्यानं सांगितला. हातातल्या बॅटरीच्या घड्याळावर ते लग्न लावताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तो मला म्हणाला. निघताना त्यानं प्रवीणचं नाव घेतलं. शकुबाईनं ती खोटी वाटी त्याच्या हातात परत दिली.

"त्याले आमी वयखत नाई, भाऊ. वाटी तुमाले देल्ली होती."

मी गडचिरोलीला जाऊन प्रवीणला गाठलं. म्हणाला, "सर, तिथं ती एक दिवस मोडीत गेली असती. आता पुण्याच्या एका संग्राहकाकडे काचेत आहे." चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही. हा माझ्या वर्गात पहिला यायचा!

कय्यूमनं वाट्या शोधणं सोडलं. शकुबाईनं परत दिलेली ती खोटी वाटी दुकानात खिळ्यावर आहे. आमचा चहा अजून होतो. प्रवीणशी गाठ घालून देणारा मी, हे त्यानं मला एकदाही ऐकवलेलं नाही. आज तरी ऐकवेल म्हणून मी रोज जातो.