केरूमामाचं पेरूचं धनुष्य

दसऱ्याला चार दिवस उरले असताना केरूमामाचं धनुष्य मोडलं, आणि ते मोडलं माझ्या हातून. साल चौऱ्याहत्तर. पेणच्या हायस्कुलातून अकरावी होऊन मी रोह्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो. मामाने सकाळीच दोरी चढवून धनुष्य ओसरीवर टेकवलं होतं. अंगणात बायका तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बघावं म्हणून मी ते उचललं, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण लावायचा असतो हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. काडकन आवाज झाला आणि धनुष्य मुठीपाशी उभं चिरलं.

केरूमामा ओरडला नाही. चिरेवरून अंगठा फिरवत एवढंच म्हणाला, "बाण नसला की सगळी ओढ लाकडाला खायला लागते, शहाण्या."

गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा केरूच्या घराचा. पण तो फुकटचा नव्हता. दर दसऱ्याला घरच्या फळझाडाचं धनुष्य स्वतःच्या हाताने करायचं आणि तीस पावलांवरून टांगलेला नारळ पाडायचा. नेम बसला की पुजारी विचारी, "झाड कुणाचं?" घरच्याने म्हणायचं, "घरचं." मग खांदा. एक दसरा चुकला की मान पुढच्या घरी, म्हणजे हैबतरावाकडे. केरूजवळ दीड एकर भात, थोडा वाल आणि कुऱ्हाडीला दांडे घालून देण्याचं काम. गावात त्याला कुणी कशाला विचारत नसे. वर्षातून एक दिवस विचारत, तो हा.

धनुष्य चार दिवसांत होत नाही, हीच खरी अडचण. केरू मार्गशीर्षात परसातल्या पेरूची फांदी तोडी, चिरू नये म्हणून दोन्ही टोकांना शेण लावी आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात दहा महिने ठेवी. ओल्या लाकडाचं धनुष्य एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. तरी त्याने त्या दिवशी एक हिरवी फांदी तोडून तासून पाहिली. दोन ओढींत तिचा विळा झाला.

"आता विळाच म्हणून वापर," त्याची बायको रंभा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आणि याला गवत कापाय लाव."

पेरूचं वाळलेलं लाकूड गावात एकाच घरी होतं. शेजारच्या सगुणाच्या चुलीवर कपडे वाळत घालायची दांडी टांगलेली होती. तिच्या नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी तिच्याच परसातल्या पेरूची करून दिलेली, बारा वर्षं धूर खाल्लेली.

केरू दारात जाऊन उभा राहिला. "वयनी, तुझी दांडी पायजे."

"आन् लुगडी काय तुझ्या डोक्यावर टाकू?"

"मार्गशीर्षात नवी देतो. सरळ, गाठ नसलेली."

 सगुणाने ओली लुगडी एकेक करून खाली काढली. "ने. पण देशील ना रे?"

तीन दिवस केरू दांडी तासत होता. सालीखालचा थर तसाच राखून आतली बाजू आधी कोयत्याने, मग काचेच्या तुकड्याने खरवडली. खोबरेल चोळलं. ओढून पाहिलं तेव्हा धनुष्य मोडल्यापासून पहिल्यांदा तो हसला. "माझ्या झाडाला असं लाकूड कधी आलं नाय," म्हणाला.

दसऱ्याला पहिल्याच बाणात नारळ खाली आला. लोक ओरडले. पुजाऱ्याने सवयीने विचारलं, "झाड कुणाचं?"

 एका शब्दाचं काम होतं. समोर पालखी होती, बायकांत सगुणा होती. माझ्याकडे केरूने पाहिलं नाही, आणि मीही नेमका तेव्हाच आपट्याची पानं मोजत होतो.

"सगुणाचं," तो म्हणाला.

हैबतरावाने पालखी खांद्यावर घेतली. जाता जाता हळूच म्हणाला, "घरचं म्हटला असतास तर कोण बघाय येणार होता रे, येड्या?" हे त्याने मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या वर्षी हैबतरावाच्या चिकूचं धनुष्य आलं. पेणच्या सुताराने केलेलं, वर पॉलिश मारलेलं. पुजाऱ्याने झाड विचारलं. "घरचं," हैबतराव म्हणाला. हात कुणाचा हे विचारायची पद्धत नव्हती.

केरू नंतर सात वर्षं जगला. कुऱ्हाडीचे दांडे घाली. दसऱ्याला पहाटेच शेतावर निघून जाई. सगुणासाठी त्याने त्याच मार्गशीर्षात फांदी तोडून माळ्यावर टाकली होती. तिने विचारलं की म्हणे, "वाळू दे गो, ओली हाय अजून." फांदी केव्हाच खडखडीत झाली होती. पण तिला कोयता लावायचा म्हणजे पुन्हा पेरूचं लाकूड मांडीवर घ्यायचं, आणि ते काही त्याला जमलं नाही. तो गेला त्या साली रंभाने ती पाणी तापवायला जाळली. ती सगुणाची आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सगुणाने काथ्या बांधलाय. ओल्या लुगड्याच्या वजनाने तो मधे झोळ खातो आणि पदर चुलीच्या राखेत लोळतो. मी पेणहून नायलॉनची दोरी नेली, तर तिने हात लावला नाही.

"दोरी हाय माझ्याकडं. दांडी देणार होता तुझा मामा."

या दिवाळीला दांडी आणतो, असं तिला सांगून आलोय. गेल्या दिवाळीलाही तेच सांगितलं होतं.