युद्धमंत्र्यांची खुर्ची

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. मिल्टनमध्ये माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे; मेलेल्या माणसांच्या पलंगांवर माझं घर चालतं. भूत असतं तर आधी मलाच भेटलं असतं.

धंद्यातला माझा हुकमी डाव एकच — भाव पटला नाही की उठायचं. दारापर्यंत पोचायच्या आत समोरचा हाक मारतो.

ही खुर्ची ओकव्हिलच्या एका जर्मन आजींची. मोठं घर विकून त्या कॉन्डोतल्या छोट्या फ्लॅटमध्ये चालल्या होत्या. मी भाव पाडला की त्या आपल्या पणजोबांना बढती द्यायच्या.

"घोडदळात लेफ्टनंट होते."

मी वीस डॉलर पाडले.

"पुढे जनरल झाले."

आणखी वीस पाडले.

"पहिल्या महायुद्धात युद्धमंत्री! याच खुर्चीतून साऱ्या फौजेचा दारूगोळा हलवला."

"आजी, मंत्री गेले, लाकूड राहिलं," म्हणालो आणि उठलो. दारात हाक आलीच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दुकानात त्याच खुर्चीत चहा पीत होतो... आणि दादा आत आला. माझा सख्खा मोठा भाऊ. मी स्टुडंट म्हणून या परक्या देशात आलो, तेव्हा वहिनीच्या एका शब्दावर त्यानं मला ऐन जानेवारीच्या बर्फात त्याच्या बेसमेंटमधून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तो दिसला की मी उठून जायचो. भाचीच्या लग्नात भरल्या पानावरून उठलोय.

तसाच उठायला गेलो — आणि उठताच येईना. पाय ठीक, कंबर ठीक. पण दोन्ही खांद्यांवर कुणीतरी तळवे दाबून धरले होते. मागे नुसती भिंत!

"काय दिन्या, आज पळाला नाहीस?"

"ही खुर्ची सोडत नाहीये!" मी ओरडलो.

"मंत्री झालास की काय?" हसत त्यानं स्टूल ओढलं. "उद्या हार्टचं ऑपरेशन आहे. म्हटलं, तुझ्या शिव्या खाऊन जावं."

दिल्या. पोटभर दिल्या. त्यानं एकही परतवली नाही. मग दोघांनी एकाच कपातला चहा बशीत ओतून संपवला. तो गेला आणि खांदे मोकळे झाले.

दादा ऑपरेशनमधून परत आला नाही.

तेराव्यानंतर आजींना फोन केला, म्हटलं तुमच्या पणजोबांचे आभार मानायचेत. त्या खळखळून हसल्या. "ते काय कुणाला बसवून ठेवणार? सेनापतींशी भांडून भर बैठकीतून उठले, तिथंच मंत्रिपद गेलं. एका भांडणात शेवटपर्यंत बसले असतील तर शपथ!"

मग ते हात कुणाचे? अजून कळलेलं नाही. त्या जानेवारीचा राग आहे, राहील. पण ज्याचे कुणाचे हात असतील, त्याचे उपकार मी विसरणार नाही... नाहीतर दादाचं माझ्याशी शेवटचं बोलणं बेसमेंटच्या दारातलं "चावी ठेव आणि नीघ" एवढंच राहिलं असतं.