अक्का आधी नळ सोडायची

एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक समोर घेऊन, फीचा आकडा पाहून मी चिडून बसले होते, तेवढ्यात धुळ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अक्का गेली गं..." त्याच आठवड्यात अक्का, मी आणि माझी लेक सई ते विद्यापीठ पाहायला जाणार होतो.

अक्का आमची थोरली बहीण. जन्मभर धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं. घरात कुणाचीही अ‍ॅडमिशन असो, फी भरण्याआधी ती कॉलेजवर धडकायचीच. ऑफिसात नाही, थेट प्रयोगशाळेत. बेसिनचा नळ सोडायची, डाग शोधायची. पिशवीत हात पुसायला नॅपकिन असायचाच. माझ्या वेळी बाबांनी जळगावकडचं एक महागडं कॉलेज ठरवलं होतं. तिथला माणूस कौतुकानं म्हणाला, "मॅडम, सगळे वर्ग एसी आहेत." अक्का म्हणाली, "झोप छान लागत असेल!" नळ सोडला तर नुसता फुस्स... बेसिन कोरं करकरीत, काचेच्या भांड्यांवर दुकानाची लेबलं तशीच. "आठे फी शे, शिक्षण नही," इथे नुसती फी आहे, असं अहिराणीत तोंडावर सांगून तिनं मला धुळ्याच्या रंग उडालेल्या कॉलेजात घातलं. मी रडरड रडले. पण तिथल्या सरांनी हाताला धरून माती तपासायला शिकवलं, म्हणून आज जळगावात माझी स्वतःची माती परीक्षणाची लॅब आहे. बरं, बाई महागाची वैरीण नव्हती हं! भाच्याच्या वेळी फी ऐकून सगळे गार पडले, तर ही हात पुसत म्हणाली, "महाग शे, पण खरं शे. भरी टाक."

तेराव्यानंतर सईला घेऊन मीच निघाले, खांद्याला अक्काची पिशवी. लॅबच्या नव्या मशीनसाठी साठवलेलं सगळं त्या फीत जाणार होतं. खरं सांगते, मेला तो नळ कोरडाच निघू दे, असं मनात घोकत होते. तिथला माणूस स्विमिंग पूल दाखवायला निघाला, तर सई सरळ प्रयोगशाळेत शिरली. आत एक बाई मुलींच्या घोळक्यात उभ्या राहून तावातावानं काही समजावत होत्या. बेसिनवर पिवळे, जांभळे डागच डाग. सईनं नळ सोडला. भस्सकन पाणी आलं, तिच्या बाह्या भिजल्या.

"आई... आता?"

अक्का, आज तू हवी होतीस गं. पिशवीतून तिचा नॅपकिन काढून मी सईच्या हातात दिला.

"हात पूस," म्हटलं. "भरी टाकूत."