डाव्या बाजूचं दार

माझ्या बायकोच्या मामांइतका आवाजाचा वैरी मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. माणसांच्या आवाजाशी त्यांचं वाकडं नव्हतं, कारण माणसांकडे त्यांचं लक्षच नसे. कानाशी बँड वाजला तरी चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. पण निरवांगीला त्यांच्या घरापुढे उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या पांढऱ्या गाडीत एखादा स्क्रू जरी कुरकुरला, तरी ते भरल्या ताटावरून उठून बॉनेट उघडायचे. गाडी आठ माणसं बसणारी, उंच आणि दणकट. ती कोणत्या कंपनीची हे सांगण्यात अर्थ नाही, कारण कंपनीचं तिच्यात आता फारसं काही उरलेलं नाही. जे आहे ते मामांचं आहे.

गॅरेजची पायरी त्यांनी कधी चढली नाही. “दुसऱ्याच्या हाताला आपल्या गाडीची सवय नसती,” असं ते म्हणत. त्यामुळे ऊस, गोठा आणि विहीर यांतून जे जे निकामी झालं, ते ते गाडीला लागत गेलं. काच धुण्याचा पंप गेला तेव्हा मामांनी शेतातली ठिबकची नळी बॉनेटखालून आणली आणि तिच्या तोंडाला शेतातलेच ड्रिपर बसवले. आता ड्रिपरचा धर्म थेंब थेंब पाणी सोडण्याचा. मामांनी बटण दाबलं आणि काचेवर एक थेंब आला. मग बराच विचार करून दुसरा आला. निरवांगीत बटण दाबलं की काच ओली व्हायला पुढचं अंथुर्णं गाव यायचं. मी हसलो, तेव्हा मामा अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “पावणं, पानी वाया जात न्हाय की.” आणि ते वाया जात नव्हतं हे खरंच होतं.

पुढचं डावं दार हा त्यांचा दुसरा पराक्रम. त्याची मूठ तुटली, तेव्हा मामांनी गोठ्याच्या फाटकाची कडी तिथे बसवली. दार उघडायचं तर कडी वर उचलायची, गुडघ्याने दार आत दाबायचं, आणि ते बेसावध असताना झटक्यात ओढायचं. त्या दाराची काच वर चढवायला दोन्ही तळहात लागतात. गावातल्या लहानथोरांना हे सगळं पाठ झालं होतं. मामा मात्र उजव्या दाराने चढत आणि उजव्याच दाराने उतरत. कुणी दाराशी झटापट करताना दिसलं की आत बसूनच म्हणत, “सोपं हाय.”

भाचीचा नवरा म्हणजे आमच्याकडे मानाचा पाहुणा. लग्नानंतर पहिल्यांदा मी निरवांगीला गेलो तेव्हा मामींनी पाट मांडला, नवा टॉवेल आणि टोपी काढली. मामांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “पावणं, आता जरा बॅटरी धरा.” संध्याकाळपर्यंत तो टॉवेल ऑइलने काळा झाला. मी बारामतीच्या एका कॉलेजात कारकून आहे. गाडीतलं मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण गेली बारा वर्षं महिन्यातला एक रविवार मी त्या गाडीखाली उताणा पडून बॅटरीचा उजेड धरत आलो आहे. एवढ्या काळात मामांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. “पावणं, हात आखडून घ्या, आंगठा जाईल,” असंच म्हणायचे.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे हातभर लांबीचा पेचकस. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कीर्तनात नसेल इतकी शांतता त्या वेळी अंगणात लागायची. मग डोळे उघडून ते निदान सांगत, आणि ते बहुधा बरोबर असे. गाडी चालतानाही हाच नियम. रेडिओ त्यांनी काढून टाकला होता आणि त्या खणात बडीशेपेची डबी ठेवली होती. “गाडी बोलती तवा मानसानं गप बसावं,” हा त्यांचा कायदा. मामी मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या. त्यांना एकदा नुसता खोकला आला तर मामांनी गाडी बाजूला घेऊन तो संपेपर्यंत वाट पाहिली.

अशा माणसाच्या नशिबी तो आवाज यावा याला काय म्हणावं! पुढे डावीकडे कुठेतरी कट्-कट्, कट्-कट् सुरू झालं. दोन वर्षं मामा त्याच्या मागे होते. त्यांनी सीटा काढल्या, छताचं कापड काढलं, समोरचा डॅशबोर्ड काढून ओसरीवर ठेवला. आतून मामींची एक हिरवी बांगडी निघाली, आठ आण्याचं नाणं निघालं आणि माझ्या लग्नातल्या चार अक्षता निघाल्या. अक्षता मामांनी कागदाच्या पुडीत बांधून पुन्हा होत्या तिथेच ठेवल्या. आवाज काही निघाला नाही. मामा वाळत चालले. त्यांच्या उजव्या कानावर पेचकसाच्या मुठीचा काळा गोल कायमचा उमटला. मूठ ते अलीकडे फार जोरात दाबतात हे मी पाहत होतो, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. फोनवर मामा बोलतात, ऐकत नाहीत. ही सवय जुनीच, त्यामुळे तिथेही मला शंका आली नव्हती. “पावणं, या. आवाज गेला,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी गेलो. मामांनी दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. मी कडी उचलून, गुडघा मारून पुढे बसलो, मामी मागे बसल्या आणि गाडी रस्त्याला लागली. कट्-कट्, कट्-कट्. शिवाय आता मागून एक कुईं आणि खालून एक खडखड. मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. “ऐका,” ते हळूच म्हणाले. मी तिन्ही आवाज ऐकले. “वा मामा,” असं मी म्हणालो. ते खोटं बोलल्याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात मागून मामी बोलू लागल्या. ऊसतोड अजून आली नाही, शेजारणीच्या सुनेने काय केलं, यंदाच्या लोणच्यात आंब्याच्या फोडी जरा जाडच राहिल्या. मी दचकून मागे पाहिलं. मामी खुशाल बोलत होत्या. मामांना ऐकू येत नाही हे त्यांना वर्षभरापासून माहीत होतं. अंथुर्ण्याच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर मागे लागला आणि हॉर्न वाजवू लागला. मामा रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या चालीने चाललेले. मी हाताने खुणा केल्या, त्या त्यांना वाटल्या कौतुकाच्या. शेवटी ट्रॅक्टर मातीवर उतरून, ट्रॉल्या कलंडता कलंडता आमच्या पुढे गेला. ड्रायव्हर हात नाचवून ओरडत होता. मामांनीही त्याला हात केला. “वळखीचा दिसतोय,” ते म्हणाले.

घरी आल्यावर मामींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “पावणं, तुमीच सांगा. जावयाचं ऐकत्याल. एकदा म्या चावी लपवली हुती, तर दोन दिस तोंडात घास घेतला न्हाय. गाडी काडून घेतली तर ह्यांनी दिवसभर करायचं काय? आन् न्हाय घेतली, तर येक दिस कुनीतरी सांगत येईल की रस्त्याला असं असं झालं.” एवढं बोलून त्या तव्याकडे वळल्या. भाकरी करपली होती. मी कधी मामींची करपलेली भाकरी पाहिली नव्हती.

पुढचे दोन रविवार मी कामाचं निमित्त काढून गेलोच नाही. मला सरळ भीती वाटत होती. ज्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते, त्याला जाऊन सांगायचं की तीही तुमच्याकडे राहिली नाही! तिसऱ्या रविवारी गेलो. मामा पान्ह्यांचा डबा लावत बसले होते. मी अंगणातून सांगितलं, जवळ जाऊन सांगितलं, ओरडून सांगितलं. ते “व्हय व्हय” म्हणत राहिले. उसाच्या हंगामातली धूळ गाडीच्या मागच्या काचेवर साचली होती. तिथे मी बोटाने लिहिलं, “आवाज आहे. तुम्हाला येत नाही.”

मामांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिशातलं फडकं काढून काच कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसली.

“कसला हाय?” त्यांनी विचारलं.

मला कळेना काय करावं. “करून दावा,” ते म्हणाले आणि त्यांनी कान पुढे केला, काळ्या गोलाचा. मी, कॉलेजातला कारकून, भर अंगणात त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने कट्-कट् ओरडलो. शेजारचं कुत्रं भुंकू लागलं. मग कुईं करून दाखवलं. मग खडखड.

“म्हंजी तीन हायती,” मामा म्हणाले. ते पान्ह्यांच्या डब्यावर बसले. तिथूनच म्हणाले, “त्यो ट्रॅक्टरवाला वळखीचा नव्हता तर.”

मी मान हलवली.

“किती येळ वाजवत हुता?”

मी कानाशी जाऊन सांगितलं, “लई वेळ, मामा.”

ते उठले, हौदावर जाऊन हात धुतले, खुंटीवरची चावी आणली आणि माझ्या हातात दिली. गाडीला वळसा घालून ते डाव्या दाराशी गेले आणि तिथेच उभे राहिले. कडी ओढली, दार उघडेना. पुन्हा ओढली. कडी बसवल्यापासून त्यांनी ते दार बाहेरून कधी उघडलंच नव्हतं. मामी ओसरीवरून उतरून आल्या. त्यांनी कडी उचलली, गुडघा मारला, दार ओढलं आणि म्हणाल्या, “सोपं हाय.” मामांना ते ऐकू आलं नाही. पण ते हसले, म्हणजे तोंडाच्या ठेवणीवरून त्यांना कळलं असावं. मी मात्र तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून गाडी मी चालवतो. मामा शेजारी बसून डॅशबोर्डवर तळहात ठेवतात आणि विचारतात, “आता?” मी आवाज करून दाखवतो. हाताला लागणारी थरथर आणि माझं केकाटणं यांचा मेळ घालून त्यांनी कुईं पकडली, खडखडही पकडली. कट्-कट् अजून आहे. कानाच्या डॉक्टरांनी एक मशीन दिलं. पुरतं नाही, पण थोडं ऐकू येईल म्हणाले. आठव्या दिवशी मामांनी ते उघडलं. “आत कनेक्शन लूज हुतं,” असं ते सांगतात. ते जुळवल्यापासून मशीन बंद आहे.

परवा ते मशीन दुरुस्तीला देऊन आम्ही तिघं बारामतीहून निरवांगीला परत निघालो होतो. मामी नेहमीप्रमाणे मागे बोलत होत्या. मामा कशासाठी तरी मागे वळले आणि त्यांनी मामींचे हलणारे ओठ पाहिले.

“ही बोलती व्हय?” त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली.

“गाडीत? रोज?”

“रोज.”

मी कट्-कट् करून दाखवायच्या तयारीत होतो. “त्ये ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “ही काय म्हनती त्ये सांगा.”

मी आरशात पाहिलं. मामी पदर तोंडाला लावून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “काच वर घ्या म्हनावं. वारं लागतंय त्यांना.” मी ते मोठ्याने सांगितलं. मामांनी दोन्ही तळहातांनी काच वर चढवली.

“आनि?”

मामींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. “सांगवीला माज्या थोरल्या भनीकडं जायाचं हुतं म्हनावं. चार वरसं झाली. ती आता हातरुनावरनं उठत न्हाय.”

मी गाडी कडेला घेतली आणि शब्दन् शब्द मामांच्या कानात सांगितला. ते ऐकून मामा समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. “मग बोलली का न्हाय…” असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि प्रश्न अर्ध्यावरच सोडला. रेडिओच्या जुन्या खणावर, बडीशेपेच्या डबीवर, त्यांनी हात ठेवला होता.

“पावणं,” ते म्हणाले, “सांगवीला घ्या.”

मी गाडी माघारी वळवली. वळताना डावीकडची कटकट जोरात वाजली, डॅशबोर्डवर तिची थरथर हाताला लागावी इतकी. मामांनी तिच्याबद्दल काही विचारलं नाही. सीटवर अर्धवट वळून ते मामींच्या तोंडाकडे पाहत बसले होते.