लाटा नसलेले चारशे मीटर

दोनशे मीटर झाले तेव्हा हर्षदा पाचवी होती आणि तिचे काका माझ्या कानाशी ओरडत होते, "ओ मास्तर, पोरगी झोपली का काय पाण्यात? हात चालव बोला ना तिला!"

"काका, थांबा जरा."

"थांबा काय थांबा! दोनच पोरी घेणार हायत!"

खरं होतं ते. पालघरची जिल्हा निवड चाचणी, चारशे मीटर फ्रीस्टाइल. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार. आणि या वयोगटातलं हर्षदाचं हे शेवटचं वर्ष.

मी बोईसरला एका कॉलनीच्या पूलवर लाइफगार्ड आणि तिथले कोच राऊत सर यांचा असिस्टंट. मूळचा जिंतूरकडचा. आठवीत शाळा सुटली, पोहायला विहिरीत शिकलो. इकडे आलो पॅकिंगच्या कामाला. सरांनी एकदा पोहताना पाहिलं आणि पूलवर घेतलं. ते उपकार डोक्यावर आहेत, म्हणून जरा काही चुकलं की माझी धांदल उडते.

हर्षदा किनाऱ्यावरची, मासेमारीच्या घरातली. समुद्रात शिरताना काठाजवळच्या लाटा झपाट्याने पार कराव्या लागतात. पलीकडे गेलं की दम खायला मिळतो. पूलमध्येही ती तेच करायची. पहिले शंभर मीटर जीव खाऊन. पण पूलमध्ये ते पलीकडचं निवांत पाणी येतच नाही. तिसऱ्या शंभरात तिचे हात उचलेनात. 'हळू जा' म्हटलं तर म्हणायची, "सर, हळूच तर गेले!" तिला खरंच तसं वाटायचं.

राऊत सर म्हणाले, "सांगू नकोस, दाखव. काठावरून चाल. श्वास घेताना तिला तुझे पाय दिसतील. त्यांच्या पुढे जायचं नाही." याला आमच्यात पेसिंग म्हणतात. ताकद सगळ्या अंतराला पुरवायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा. शेजारच्या लेनमधली मुलगी पुढे गेली आणि माझेच पाय भराभर पडायला लागले.

"अरे, तूच पळतोयस! ती काय करणार?" सर ओरडले.

हर्षदा पाण्यातून म्हणाली, "सर, रेस तुमची हाय का माझी?"

सावकाश चालायला मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

चाचणीत मात्र असं चालता येत नाही. काठावरून वेग दाखवला तर पोहणारीच बाद होते. म्हणून मी खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. डावा पाय तरी हलतच होता.

अडीचशेला ती चौथी. तीनशेला पुढच्या दोघींचे हात जड पडताना दिसले. हर्षदाचा हात होता तसाच. मग तिने जोरात पाय मारायला सुरुवात केली. एक मागे पडली. दुसरीही. काकांनी ओरडायचं सोडून माझा खांदा धरला. पहिलीच्या मागोमाग, हातभर अंतराने तिने भिंत गाठली.

दुसरी! निवड झाली. काका मला मिठी मारून रडायलाच लागले. हर्षदा वर आली आणि लगेच बडबडायला लागली, "सर, पाहिलंत ना? ती निळ्या टोपीवाली कशी..."

मी मागे उभ्या असलेल्या राऊत सरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"काय झालं सर?"

"बोलतेय बघ कशी. धापसुद्धा लागली नाही. अजून कितीतरी शिल्लक होतं तिच्यात."

जपून वापरायला आम्ही शिकवलं होतं. संपवायला कधी सुरुवात करायची, ते राहून गेलं. राज्य स्पर्धेपर्यंत आता तेवढंच काम.