परांचीची भोकं

“भिंत उभी करणं सोपं, तिले बोलती करणं अवघड,” ढाणकीचे नागोराव गवंडी नेहमी म्हणत.

त्यांची नात दीपमाला नागपूरला आर्किटेक्चर शिकत होती. नाझींनी मारलेल्या लाखो ज्यूंच्या स्मारक-संग्रहालयाचा नमुना तिला उद्या द्यायचा होता; तो पुरा करायला ती गावी आली होती. पहिला सरांनी परत केला होता, “हे तर मंगल कार्यालय!” म्हणून.

नागोराव आबांनी नव्या नमुन्याच्या पुठ्ठ्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं. “एवढी गुळगुळीत काहून केली वं माय? बांधताना परांचीचे बांबू खोवतो, ती भोकं कुठं गेली?”

“ती तर शेवटी बुजवतात ना, आबा!”

“काम पुरं झालं म्हणून बुजवतो. हे दुःख पुरं झालं काय?” आबांनी बोट भिंतीवरच ठेवलं. “औंदा कापसाच्या कर्जापायी आपल्या गावच्या वामनरावनं जीव देल्ला. त्याचं अर्धं राहिलेलं घर म्या पुरं केलं, पन एक भोक बुजवाले हातच उठला नाही. तिथून उजेड येते.”

दीपमालानं दाभण घेतलं आणि भिंतीला भोकं पाडली. नमुन्यात उन्हाचे बारीक ठिपके सांडले.

“आता इथं कोनी वरात आननार नाही,” म्हणत आबांनी थापी काखेत मारली आणि कामावर निघाले. ते वळणाआड होईपर्यंत दीपमाला दाभण हातात धरून दारात उभी होती.